जावक क्रमांक चारशे तेरा

जबाब

नाव : वेगळ्या कागदावर लिहून, पाकिटात घालून, पाकीट डिंकाने बंद करून हवालदारांच्या हातात दिले आहे.
वय : ५६ वर्षे.
व्यवसाय : सरकारी नोकरी, वरिष्ठ लिपिक, आवक-जावक विभाग.
राहणार : त्याच पाकिटात.

मी आज बुधवारी सकाळी अकरा वाजता ठाण्यात स्वतः हजर होऊन, विचारल्यावरून सांगते की,

नाव-पत्ता उघड्या कागदावर का देत नाही, असे हवालदारांनी विचारले. कारण पुढे ओघाने येईल. हाक मारायला काहीतरी हवे म्हणून सांगते, की कार्यालयात मला कुलूपबाई म्हणतात. तोंडावर कोणी म्हणत नाही, पण आमच्याकडच्या भिंती प्लायवूडच्या आहेत. काल दुपारपर्यंत मला त्या नावाचा अभिमान होता.

मारहाणीला कंटाळून घर सोडलेल्या बायकांना सुरक्षित जागी ठेवणे आणि ती जागा कोणाला कळू न देणे, हे आमच्या कार्यालयाचे काम. पहिला भाग वरचे मजले करतात. दुसरा भाग तळमजल्यावर, म्हणजे मी.

त्यासाठी पुढील व्यवस्था आहे. बायकांच्या फायली लोखंडी कपाटात असतात. कपाटाला दोन कुलपे, दोन किल्ल्या दोन वेगळ्या माणसांकडे, म्हणजे एकट्याला ते उघडता येऊ नये. ही पद्धत मीच सुचवली होती. बाहेरच्या माणसाला काउंटरच्या जाळीच्या आत प्रवेश नाही. फोटो काढू नयेत म्हणून मोबाइल दारातल्या ट्रेमध्ये ठेवायचा. बाईला पत्र पाठवायचे असेल तर ते दोन पाकिटांत जाते. आतल्या पाकिटावर लाखेची मोहोर आणि ‘गोपनीय’ असा शिक्का. बाहेरच्या पाकिटावर कार्यालयाचे नावसुद्धा नसते, कारण पोस्टमनला कळले की गल्लीला कळते. माझा नवरा म्हणतो, एक दिवस तू मिठाच्या बरणीवरही लाख लावशील. मी त्यावर हसत नाही.

या सगळ्याची नोंद जावक वहीत होते. जावक वही म्हणजे कार्यालयातून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक कागदाची वही. क्रमांक, तारीख, कोणास, विषय, आणि कागद हाती दिला असेल तर घेणाऱ्याची सही. ही वही काउंटरवर उघडी असते. तिला दोरीने पेन बांधलेले आहे. पेन चोरीला जाऊ नये म्हणून.

पूर्वी मी ‘कोणास’ या रकान्यात फक्त ‘अर्जदार’ आणि फाईलचा क्रमांक लिहीत असे. गेल्या वर्षी तपासणी पथक आले. त्यांनी शेरा मारला की सदर रकाना त्रोटक आहे, पूर्ण नाव व पूर्ण पत्ता लिहावा. मी शेरा वाचला, मान्य केला, खाली सही केली, आणि त्या दिवसापासून पूर्ण नाव व पूर्ण पत्ता लिहू लागले. खोली क्रमांकासकट. शेऱ्याची पूर्तता झाल्याचे पत्रही मीच पाठवले. माझे अक्षर चांगले आहे. लांबून वाचता येते.

हे लिहून घेताना हवालदारांनी माझ्याकडे पाहिले. मी म्हटले, तुम्हाला आत्ता जे लक्षात आले ते मला एक वर्ष आले नाही. हेही लिहावे.

अर्जदार बाई, जिच्या खोलीत काल प्रकार घडला ती, आमच्याकडे चार महिन्यांपूर्वी आली. वय तिशीच्या आतबाहेर, शिवणकाम करते. अर्ज लिहिताना ती रडत होती. आमच्याकडे सगळ्याच रडतात, त्यात नवे काही नव्हते. पण अर्ज शाईच्या पेनाने लिहिलेला होता आणि दोन ओळी पुसट झाल्या होत्या. मी तिला म्हटले, “रडायचं असेल तर कागद बाजूला ठेवून रडा. शाई फुटते, मग मला सगळं परत लिहून घ्यावं लागतं.” हे बोलणे बरे नव्हते. पण ती एकदम हसली. डाव्या बाजूचा ओठ सुजलेला असल्यामुळे तिला ते हसणे जड गेले.

जाताना मी तिला नेहमीची सूचना दिली. नव्या जागी कोणासाठीही दार उघडायचे नाही. आमच्या कार्यालयातून आलो असे कोणी म्हणाले, ओळखपत्र दाखवले, तरी नाही. आमचे कार्यालय कोणालाही पाठवत नाही. तिने विचारले, “आणि माझा पत्ता इथून बाहेर गेला तर?” मी म्हटले, “इथून हवा बाहेर जात नाही.”

तिचा नवरा साधारण महिन्याभराने येऊ लागला. काल धरून नऊ वेळा आला. आरडाओरडा करणारा माणूस नाही. इस्त्रीचा शर्ट, मऊ आवाज. मोबाइल न सांगता ट्रेमध्ये ठेवायचा. मला ताई म्हणायचा. “ताई, तिची औषधं राहिलीत माझ्याकडे, पोचवायची होती.” “ताई, तिची आई आजारी आहे.” आई सहा वर्षांपूर्वी वारली आहे, हे फाईलमध्ये होते. प्रत्येक वेळी मी त्याला नाही म्हटले. खरे सांगायचे तर त्याला नाही म्हणताना मला बरे वाटत असे. तो गेल्यावर मी चहा मागवत असे.

आठव्या वेळी मी त्याला ऐकवले, “तोंडी विचारून उपयोग नाही. लेखी अर्ज करा, लेखी उत्तर मिळेल.” त्याने अर्ज केला.

त्यावर दोन पत्रे निघाली. पहिले नवऱ्याला, की मागितलेली माहिती गोपनीय असल्याने देता येत नाही. दुसरे बाईला, की तुमच्या पतीने तुमचा पत्ता मागितला होता, तो नाकारण्यात आला आहे, तुमचा पत्ता सुरक्षित आहे, निश्चिंत असावे. दोन्ही पत्रांचा मसुदा माझा. दोन्ही एकाच फाईलवरून, एकाच दिवशी निघाली, म्हणून त्यांना लागोपाठचे क्रमांक पडले. नवऱ्याच्या पत्राला चारशे बारा. बाईच्या पत्राला चारशे तेरा. वहीत एकाखाली एक.

काल मंगळवारी दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी तो उत्तर तयार आहे का विचारायला आला. अर्जदार समक्ष आला असेल तर पत्र हाती देऊन सही घ्यावी असा नियम आहे. मी पत्र दिले. त्याने विचारले, “ताई, सही कुठे करू?” मी म्हटले, “चारशे बाराच्या समोर.” मी मान वर केली नाही, कारण त्या वेळी मी चारशे तेराच्या पाकिटावर लाख ओतत होते. लाख ओतताना हात हलून चालत नाही.

सहीला त्याला बराच वेळ लागला. माणूस कमी शिकलेला असावा, असे माझ्या मनात आले. जाताना तो म्हणाला, “तुमच्यासारखी माणसं आहेत ताई, म्हणून विश्वास वाटतो.” मी त्याला म्हटले, “मोबाइल विसरू नका.”

दुपारी दोन चाळीसला आमचे शिपाईमामा टपाल न्यायला आले. ते पाकिटे वहीशी ताडून मगच पिशवीत टाकतात. आमचे बोलणे असे झाले.

“बाई, चारशे तेराचं पाकीट माझ्या हातात आहे.”

“मग? टाका पिशवीत.”

“टाकतो हो. पण वहीत ते पोचल्याची सही आहे.”

मी पाहिले. चारशे बारासमोरची जागा कोरी होती. चारशे तेरासमोर, म्हणजे बाईच्या नावाच्या आणि पत्त्याच्या ओळीत, तिच्या नवऱ्याची सही होती.

मला प्रथम राग आला तो ओळ चुकल्याचा. मी पट्टी घेतली, लाल शाईने ती सही खोडली, समासात ‘चुकीच्या रकान्यात सही झाल्याने रद्द’ असे लिहिले, त्याखाली माझी सही केली, तारीख घातली. यात चार मिनिटे गेली. मग शाई वाळावी म्हणून मी त्या ओळीवर फुंकर घातली, आणि फुंकर घालताना ती ओळ वाचली. माणूस जिथे पाहत असतो तिथे सही करतो.

मी खाली बसले. शिपाईमामांनी पाणी दिले. ते म्हणाले, “पाणी नंतर प्या हवं तर. आधी साहेबांकडे जा.”

साहेब केबिनमध्ये होते. गुरुवारी कर्मचाऱ्यांसाठी ‘कार्यालयीन माहितीची सुरक्षितता’ या विषयावर त्यांचे व्याख्यान आहे, त्याची तयारी चालू होती. मी प्रकार सांगितला. ते म्हणाले, “हे गंभीर आहे. टिपणी ठेवा.”

“साहेब, तो तिथे जाईल.”

“जाईल असं तुम्ही गृहीत धरताय. गृहीत धरून कार्यालय चालत नाही. तुम्ही टिपणी ठेवा, मी ताबडतोब पोलिसांना पत्र काढतो.”

“ते जाणार कधी?”

“ते मला काय विचारता? जावक तुमच्याकडे आहे.”

बाईचा फोन क्रमांक फाईलमध्ये होता. फाईल कपाटात होती. कपाटाची एक किल्ली माझ्या गळ्यात होती आणि दुसरी ज्यांच्याकडे असते त्या मॅडम रजेवर होत्या. किल्ली कोणाकडेही देऊन जायची नाही असा नियम आहे. मॅडमनी तो पाळला होता. त्याबद्दल मी त्यांना दोष देत नाही.

मी या ठाण्याला फोन केला. वेळ दोन बावन्न. फोन घेणाऱ्याने विचारले, “घटना घडली आहे का?” मी म्हटले, अजून नाही. “मग घडली की कळवा,” असे उत्तर मिळाले. हे वाक्य लिहिताना हवालदारांचे पेन थांबले. मी म्हटले, अडचण असेल तर राहू दे. ते म्हणाले, “नाही बाई, लिहितो. फोन मीच घेतला होता.” त्यांनी लिहिले आहे.

आमच्याकडे कामाच्या वेळेत बाहेर पडायचे तर हालचाल वहीत नोंद करावी लागते. ती दारातच असते. मी नाव लिहिले, वेळ लिहिली, दोन पंचावन्न. पुढचे रकाने होते ‘कोठे’ आणि ‘कशासाठी’. माझे पेन ‘कोठे’वर टेकले होते. एकतीस वर्षांत मी तो रकाना कधी रिकामा सोडलेला नाही. काल सोडला. शिपाईमामांनी ते पाहिले आणि वही मिटून टाकली.

दोन बस बदलून, पुढे पायी, मी तीन पन्नासला त्या गल्लीत पोचले. पत्ता शोधावा लागला नाही. माझ्याच अक्षरात डोळ्यांपुढे होता.

खोली पहिल्या मजल्यावर आहे. जिन्याच्या तोंडाशी इस्त्रीवाल्याचे टेबल आहे, इतके आडवे, की त्याने सरकवल्याशिवाय वर जाता येत नाही. वरून शिवणयंत्राचा आवाज येत होता. आमचे बोलणे असे झाले.

“वर जायचंय, भाऊ.”

“वर कोणी राहत नाही.”

“मशीनचा आवाज येतोय की.”

“उंदीर आहेत.”

“उंदीर शिवणकाम करतात?”

“आमच्याकडचे करतात. कापड ठेवून जा, माप सांगा.”

मी ओळखपत्र काढले. त्याने ते दोन्ही बाजूंनी पाहिले, परत दिले आणि म्हणाला, “फोटो छान आलाय. वर कोणी राहत नाही.”

त्याच्याकडे दोन किल्ल्यांचे कपाट नव्हते, लाख नव्हती, जाळी नव्हती. मला एकदम रडू आले, पण तो माझ्याकडे पाहत होता म्हणून मी आवरले. मी म्हटले, “बरं. वर कोणी नाही. पण थोड्या वेळाने एक माणूस येईल. इस्त्रीचा शर्ट असेल, मऊ बोलेल, तुम्हाला दादा म्हणेल, वरच्यांची औषधं आणलीत म्हणेल. त्यालाही हेच सांगा.”

त्याने इस्त्री उभी करून ठेवली. टेबल हातभर सरकवले.

मी दार वाजवले. मशीन बंद झाले. मी म्हटले, “मी कार्यालयातून आलेय.”

“आमच्याकडे कार्यालयातून कोणी येत नाही.”

“मी काउंटरवरची बाई. तुमचा अर्ज मीच घेतला होता.”

“त्या बाईंनीच सांगितलंय, कोणासाठी उघडू नका.”

“अहो, ती बाई मीच!”

“असं कोणीही म्हणेल, हेही त्यांनीच सांगितलंय.”

मी ओळखपत्र दाराखालून आत सरकवले. ते तसेच परत बाहेर आले. माझ्या सूचना इतक्या नीट पाळलेल्या मी नोकरीत कधी पाहिल्या नव्हत्या. घड्याळात चार वाजून चार मिनिटे झाली होती. तिला पटेल असे मी काय सांगणार? तिचे नाव मला ठाऊक होते, पण ते त्यालाही ठाऊक होते. तिची जन्मतारीख, तिच्या आईचे नाव, फाईलमधले जे जे म्हणून मला पाठ होते ते सगळे त्यालाही पाठ होते. फाईलमध्ये नसलेले आणि अजून खरे असे आमच्या दोघींतले एकच वाक्य उरले होते. मी दाराला तोंड लावून ते म्हटले.

“रडायचं असेल तर कागद बाजूला ठेवून रडा. शाई फुटते.”

कडी निघाली.

आत एक खोली, एक मशीन, एक खाट. दोरीवर शाळेचे गणवेश टांगलेले, निळे, अठरा. ती माझ्याकडे पाहत उभी राहिली. मी म्हटले, “त्याला पत्ता कळलाय. निघायला हवं.”

“कसा कळला?”

“माझ्या वहीतून.”

मशीनवर जो गणवेश होता त्याची अर्धी बाही शिवायची राहिली होती. ती बसली, तेवढी शिवली, दोरा दातांनी तोडला, घडी घालून ठेवला. मी तिला घाई कर म्हटले नाही. मग तिने दारामागच्या खुंटीवरची पिशवी घेतली. पिशवी भरलेलीच होती. चार महिने ती तशीच टांगलेली असावी, कारण तिच्या बंदांवर धूळ होती.

चार वीसला आम्ही मागच्या जिन्याने निघालो. निघताना दाराला तिने बाहेरून कुलूप लावले. बसमध्ये ती खिडकीशी बसली होती. तीन थांबे गेल्यावर ती म्हणाली, “तुम्ही म्हणाला होतात, इथून हवा बाहेर जात नाही.”

मी म्हटले, “म्हणाले होते.”

आणखी दोन थांब्यांनी ती म्हणाली, “मॅडम, तुमचं जेवण झालंय का? चेहरा उतरलाय.” मी झाले म्हणून सांगितले. झालेले नव्हते.

यापुढील हकीकत मला इस्त्रीवाल्याने व हवालदारांनी सांगितली. नवरा माझ्या कार्यालयातून सरळ कामावर गेला होता. त्याने रजा टाकली नाही. चारला पाळी संपल्यावर हातपाय धुतले, शर्ट बदलला आणि निघाला. चार पन्नासला गल्लीत पोचला. इस्त्रीवाल्याला दादा म्हणाला, औषधे आणलीत म्हणाला. इस्त्रीवाल्याने त्याला उंदरांचे सांगितले. झटापट झाली, तीत इस्त्रीवाल्याचा डावा पंजा तापलेल्या इस्त्रीवर दाबला गेला. नवऱ्याने वर जाऊन कुलूप तोडले. खोली रिकामी पाहून तो तिथे बसला आणि तिच्याच कात्रीने अठराच्या अठरा गणवेश मधोमध कापले. पंचनाम्यात ‘नासधूस’ असा शब्द आहे. मी आज सकाळी ते गणवेश पाहिले. नासधूस म्हणता येणार नाही. सरळ कापले आहेत, एकेक, काखेपासून काखेपर्यंत, आणि पुन्हा दोरीवर टांगून ठेवले आहेत. बाही पुरी करून घडी घालून ठेवलेला एकोणिसावा तेवढा त्याला दिसला नाही.

लोक जमले, त्यांनी त्याला धरून ठाण्यात आणले. सात वाजता, बाई समोर नसल्यामुळे आणि प्रकरण घरगुती दिसत असल्यामुळे, त्याला समज देऊन सोडण्यात आले. रोज एकदा हजेरी द्यायची अट आहे. समज म्हणजे नेमके काय दिले, असे मी विचारले. हवालदार म्हणाले, “मी नव्हतो बाई तेव्हा. असतो तर वेगळं झालं असतं असंही नाही.” त्यांनी हे लिहायला नको म्हटले. मी लिहा म्हटले. त्यांनी लिहिले.

आज सकाळी साडेनऊला साहेबांचा फोन आला. जावक वही काउंटरवर उघडी राहिली ती शिपायाच्या निष्काळजीपणामुळे, असे जबाबात यावे, म्हणजे प्रकरण खालच्या खाली मिटेल, असे त्यांचे म्हणणे पडले. “तुमच्या निवृत्तीला चौदा महिने राहिलेत, मी तुमच्याच भल्याचं बोलतोय.” साहेब स्वभावाने वाईट नाहीत, त्यांना खरोखर माझेच भले वाटत असणार. परंतु ते खोटे आहे. वही काउंटरवर मी ठेवते, रोज दहाला, माझ्या हाताने. पत्ता मी लिहिला. पेनाला दोरी मी बांधली. शिपाईमामांनी चूक पकडली, एवढाच त्यांचा यात भाग आहे, आणि एका माणसाने वही नीट वाचली म्हणून आज ती बाई जिवंत आहे. तपासणी पथकाच्या शेऱ्याची प्रत मी सोबत आणलेली नाही. शेरा त्यांचा होता, पण डोके माझे होते.

अर्जदार बाई सध्या कोठे आहे, असे मला विचारण्यात आले. जबाबाच्या नमुन्यात तो रकाना आहे हे मला दिसते आहे. माझे उत्तर : मला माहीत आहे, सांगणार नाही.

हवालदार म्हणाले, “बाई, हे पोलीस ठाणं आहे. इथे नाही सांगायचं तर कुठे?”

मी इथे अकरापासून बसले आहे. टेबलाच्या या बाजूने मला तुमची तक्रारवही उलटी दिसते. एकतीस वर्षे काउंटरवर काढल्यावर उलटे अक्षर सुलट्यासारखे वाचता येते. त्या वहीत सोमवारी एका मुलीने शेजाऱ्याविरुद्ध तक्रार दिली आहे. तिचे नाव, घर, ती रात्री किती वाजता एकटी कामावरून येते, हे सगळे मला आता पाठ आहे. मी ती ओळ हवालदारांना बोटाने दाखवली. ते जागेवरून उठले, वही मिटली, खणात ठेवली, खण ओढून घेतला.

बाई स्वतः जबाब द्यायला येईल. त्यासाठी बंद दाराची खोली आणि जबाब घ्यायला बाई अधिकारी हवी. तिने सांगितलेला पत्ता या कागदावर येणार नाही, तो पाकिटात राहील. गणवेशाचे कापड शाळेचे आहे, त्याचा खुलासा शाळेकडे मी करीन. ती पुन्हा शिवणार आहे, असे तिने मला सांगण्यास सांगितले आहे. एकोणिसावा तिला परत हवा आहे. तो पंचनाम्यात नाही, इस्त्रीवाल्याने उचलून ठेवला आहे.

जबाब संपल्यावर हवालदारांनी येणाऱ्या-जाणाऱ्यांची वही सहीसाठी माझ्यापुढे केली. नाव, पत्ता, वेळ, सही. वरच्या ओळीत काल संध्याकाळी सातची सही होती. ती मी ओळखली, तशीच सही कालच माझ्या वहीत लाल शाईने खोडली होती. तो आज हजेरीला येईल तेव्हा हीच वही त्याच्यापुढे येणार आणि पेन इथेही दोरीलाच बांधलेले आहे. मी वही परत केली. हवालदारांनी ती ओळ पाहिली, मग माझ्याकडे पाहिले.

“तुमचं राहू द्या,” ते म्हणाले. “त्याची सही मात्र घ्यावीच लागेल. ती कुठे घेऊ?”

मी म्हटले, “नव्या पानावर.”

त्यांनी पान उलटले, वरच्या कोपऱ्यात आजची तारीख घातली, आणि दोरीचे पेन सोडवून खिशाला लावले.

हा जबाब मी सांगितला तसा लिहिला गेला आहे. मला तो वाचून दाखवण्यात आला. बाकावर आणखी माणसे बसलेली असल्यामुळे हळू वाचावा अशी मी विनंती केली होती, त्याप्रमाणे हवालदारांनी खुर्ची जवळ ओढून, मला एकटीलाच ऐकू जाईल इतक्या आवाजात वाचला. एक शब्द मी बदलून घेतला : ‘आमच्या वहीतून’ असे लिहिले गेले होते, तिथे ‘माझ्या’ केले. बाकी बरोबर आहे.

सही : पाकिटात.